कॉइल थंड होईपर्यंत

कंदील जरा बारीक कर. विझवू नकोस, नुसता बारीक कर. आणि तू गं, दारात बसू नकोस, आत सरक. घाबरवायला नाही म्हणत, वारा येतोय म्हणून म्हणतोय.

मघापासून 'मामा, भुताची सांगा, भुताची सांगा' म्हणून डोकं खाताय माझं. माझ्याजवळ एकच आहे. बरीचशी ऐकलेली, शेवटचं तेवढं स्वतः बघितलेलं. भाचेराव, तुम्ही हसताय ते दिसतंय मला. हसा. ऐकून झाल्यावर हसा म्हणजे झालं.

आपल्या धक्क्यावर एक मिस्त्री होता. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. सगळे त्याला गप्पू म्हणायचे, आणि गप्पांचा तर पत्ताच नाही! 'बघतो', 'झालं' आणि 'तेल बदला', एवढ्या भांडवलावर त्या माणसानं आयुष्यभर धंदा केला. त्याची बायको म्हणायची, लग्न ठरवायला आला तेव्हाही 'बघतो' एवढंच म्हणाला होता. असा माणूस. पदरचं घालून काही सांगायचं म्हटलं तर त्याच्या पदरी शब्दच नव्हते. म्हणून मी ही गोष्ट खरी मानतो.

मी तेव्हा धक्क्याला लागून सुट्या भागांचं दुकान चालवायचो. नोव्हेंबरातला शनिवार होता. थंडी नुकती पडायला लागलेली, आणि चंद्र मध्यरात्रीनंतर उगवायचे दिवस. दुपारी मिस्त्री दुकानात आला. चार प्लग घेतले, पॉइंटचा एक जोड घेतला. मग जरा थांबून म्हणाला, "एक कॉइलपण दे. लागली तर लागली."

"कुणाची बोट?" मी विचारलं.

"कंपाउंडरकाकांची."

प्लग कागदात गुंडाळत होतो, माझा हात थांबला.

कंपाउंडरकाका तुम्हाला आठवायचे नाहीत. तुमच्या आयांना विचारा. डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या काचेच्या खिडकीमागे सगळी उमर काढलेला माणूस. औषधाच्या बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवून द्यायचे, तेव्हापासूनचे. निवृत्त झाले आणि काकूंच्या हौसेखातर खाडीच्या पलीकडे लहानसं घर घेऊन राहायला गेले. मुलगा लांब नोकरीला, ही दोघंच. पलीकडे झाडं होती, शांतता होती, नव्हता तो दवाखाना. पुलावरून यायचं तर मोठा वळसा, आणि प्रवाशांची लाँच संध्याकाळी बंद व्हायची. म्हणून काकांनी एक जुनी लाकडी बोट घेतली. तिच्यात पेट्रोलवर चालणारं जुनं इंजिन होतं, माझ्या दुकानापेक्षा वयानं मोठं. काका दिवसभर त्याच्याशी काही ना काही खुडबुड करत बसायचे. काकू त्या इंजिनाला 'सवत' म्हणायच्या. बाजाराला आल्या की मला सांगायच्या, "हिच्यासाठी चांगलं तेल द्या हो. माझ्या डोक्याला नसलं तरी चालेल, तिला हवं."

त्याच बोटीत, मार्च महिन्यात एका रात्री, काकू गेल्या. दवाखान्यात आणता आणता. खाडीच्या मधोमध इंजिन बंद पडलं होतं.

म्हणून माझा हात थांबला. काकांनी तेव्हापासून बोटीला हात लावला नव्हता. ताडपत्री टाकून ठेवली होती.

"वापरणार आहेत का परत?" मी विचारलं.

"बघतो," मिस्त्री म्हणाला आणि शेवटच्या लाँचनं पलीकडे गेला.

काका उतारूंच्या फळीपाशी उभेच होते. मिस्त्रीची हत्यारांची पेटी त्यांनी स्वतः उचलायला घेतली, जड होती तरी. घरात नेलं, चहा केला. मिस्त्री सांगत होता, साखर सापडायला काकांना तीन डबे उघडावे लागले. आठ महिने झाले होते काकूंना जाऊन, तरी अजून त्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात साखर सापडत नव्हती. दाराशी काकूंच्या चपला तशाच. फडताळावर त्यांचा चष्मा, काड्या दुमडून ठेवलेला.

"हे बघ मिस्त्री," काका म्हणाले, "मला बोट वापरायची नाही. विकायचीही नाही. मला एवढंच कळायला हवं, त्या रात्री ती का बंद पडली. दोन जण येऊन गेले तुझ्याआधी. दोघांनी चालू करून दाखवली आणि म्हणाले, काही दोष नाही. एकजण तर म्हणाला, काका, आपलं नशीब, दुसरं काय." ते कपाकडे बघत राहिले. "नशिबाचं मला सांगू नकोस. काय बिघडलं होतं ते सांग."

मिस्त्रीनं ताडपत्री काढली. बॅटरी भरून ठेवलेलीच होती. प्लग काढून बघितले, काळे पडले होते, ते बदलले. पॉइंट घासले, त्यांच्यातली फट नीट केली. टोपण उघडून आतली ओल पुसली. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. कसं? तर शिवणयंत्रासारखं.

"बघ," काका म्हणाले. "किनाऱ्याला हे असं शहाण्यासारखं वागतं."

मिस्त्री थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिला. मग त्यानं इंजिन बंद केलं. "अंधार पडू द्या," म्हणाला.

"अंधार कशाला?"

"वायरीतून करंट गळत असला तर उजेडात दिसत नाही. अंधारात निळा दिसतो. आणि तापल्यावर हे काय करतं ते पाण्यात नेल्याशिवाय कळायचं नाही."

म्हणून दोघं अंधाराची वाट बघत बोटीच्या कडेवर बसले. आणि तेव्हा काकांनी, कुणी न विचारता, त्या रात्रीचं सांगितलं.

काकूंचं हृदय आधीच थकलेलं होतं. त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांना धाप लागली. काका कंपाउंडर, त्यांना कळायला वेळ लागला नाही. जवळचं औषध दिलं, उतार पडेना. छातीत पाणी भरत होतं. त्यांनी काकूंना बोटीत आणलं, पुढच्या फळीवर उशा लावून बसवलं, शाल पांघरली आणि निघाले. इंजिन छान चाललं. अर्ध्या वाटेपर्यंत छान चाललं. मग बंद.

"मी किल्ली फिरवली," काका म्हणाले. "परत फिरवली. सेल्फ मारतच राहिलो. इंजिन नुसतं घरघरायचं, पेटायचं नाही. बॅटरी उतरली, तसा दिवापण गेला. मग एक वल्हं होतं, ते मारत बसलो. वारा उलटा. काळोख असा की माझाच हात मला दिसेना. मी आपला तोंडानं म्हणत होतो, आलं गं, पोचलो गं. ती उत्तर देत नव्हती. मला वाटलं, बोलून दम कशाला घालवायचा म्हणून गप्प असेल."

काका खाडीकडे बघत होते.

"धक्क्याला लागलो तेव्हा हात धरला तिचा. गार. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतंत तर. त्यांच्या मनात काही नव्हतं, बोलून गेले. पण मिस्त्री, ती नक्की केव्हा गेली ते मला माहीतच नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि ती जाताना मी तिच्याकडे पाठ करून किल्ल्या फिरवत होतो की वल्हं मारत होतो, तेसुद्धा मला सांगता येत नाही."

अंधार पडला. पूर्ण पडला. तेव्हा ते निघाले.

आठ वाजून गेले असतील. वारा नव्हता. मिस्त्रीनं दोन वल्ही आठवणीनं टाकून घेतली होती. काका मागे सुकाणूशी, किल्ली त्यांच्या हाताशी. मिस्त्री मधोमध, इंजिनाच्या खोक्याचं झाकण उघडून गुडघ्यांवर बसलेला. दिवा मुद्दाम मालवलेला. पुढची फळी रिकामी.

मिस्त्री वायरी बघत होता. कुठे निळं काही नाही. सगळं कोरडं, चांगलं. इंजिन एकसारखं चाललेलं. त्याला वाटलं, खरंच काही दोष नसणार. काय सांगायचं या म्हाताऱ्याला?

"तो धक्क्यामागच्या पाण्याच्या टाकीवरचा लाल दिवा दिसतो?" मागून काका म्हणाले. "तो धक्क्यावरच्या दिव्याच्या बरोबर डोक्यावर आला, की ती जागा."

लाल दिवा सरकत होता. हळूहळू सरकत होता.

डोक्यावर आला.

इंजिन अडखळलं. एकदा. दोनदा. एक फाटका आवाज झाला.

आणि बंद.

बोट आपल्याच वेगानं थोडी पुढे गेली. मग थांबली. पाण्याचा आवाजही थांबला.

"इथंच," काका म्हणाले.

मिस्त्रीनं अंधारातच चाचपडून कॉइलची जाड वायर ओढून काढली, तिचं टोक लोखंडाजवळ धरलं. "एकदाच सेल्फ मारा," म्हणाला. काकांनी मारला. इंजिन घरघरलं. टोकाशी ठिणगी पडायला हवी होती, लख्ख निळी. पडली नाही. नुसता काळोख. म्हणून त्यानं कॉइलवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता.

तिथे मिस्त्रीला सगळं कळलं.

तुम्हाला सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. कॉइल म्हणजे एक डबा, मुठीत मावेल एवढा. त्यातून ठिणगीचा करंट येतो. जुनी कॉइल आतून कुठेतरी केसाएवढी तुटलेली असते. गार असताना टोकं एकमेकांना चिकटून असतात, काम चालतं. तापली की टोकं फाकतात. करंट बंद, इंजिन बंद. मग कितीही सेल्फ मारा, काही होत नाही, बॅटरी मात्र मरते. पण नुसतं सोडून दिलं, हात न लावता वीस-पंचवीस मिनिटं थांबलं, की ती गार होते. टोकं परत जुळतात. एका किल्लीत इंजिन सुरू होतं. म्हणून तर किनाऱ्याला कुणाला दोष सापडत नव्हता.

म्हणजे त्या रात्री काका नुसते थांबले असते... काही न करता नुसते बसून राहिले असते...

 मिस्त्रीनं मनाशी ठरवलं, हे सांगायचं नाही. पेट्रोलमध्ये कचरा होता म्हणू. काहीही म्हणू. हे नाही.

तो तोंड उघडणार, तेवढ्यात आवाज आला.

श्वास घेतल्याचा.

मिस्त्रीला वाटलं, काका. पण काका मागे होते.

आवाज पुढून आला होता.

परत आला. ओढून घेतलेला. बारीक. शिट्टीसारखा, आणि शेवटी आत कुठेतरी पाणी खुळखुळल्यासारखा.

पुढची फळी... काळोख. काही दिसत नव्हतं. नुसता श्वास.

 मिस्त्रीला हलता येईना.

"आलो गं," मागून काका म्हणाले. अगदी रोजच्या आवाजात. आतल्या खोलीतून हाक आल्यावर माणूस म्हणतो ना, तसं. "आलो, आलो." आणि त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन घरघरलं.

परत फिरवली.

"नको, काका!" मिस्त्रीनं मागे झेप घेऊन त्यांचं मनगट पकडलं.

"सोड. तिला धाप लागलीय."

"सेल्फ मारून होणार नाही ते!"

"सोड म्हणतो ना! तुला ऐकू येत नाही का?"

"येतंय! पण थांबायला हवं! कॉइल तापलीय, गार होऊ द्यायला हवी. थांबलं तरच सुरू होईल..."

बोलून गेला. जे सांगायचं नव्हतं तेच तोंडातून निघून गेलं.

काकांचा हात ढिला पडला.

 पुढे श्वास चाललेला. आत... बाहेर... आत...

"म्हणजे," काका म्हणाले, "थांबायचं होतं?"

मिस्त्रीनं त्यांचं मनगट सोडलं.

"त्या रात्री. मी नुसता थांबलो असतो तर?"

मिस्त्री गप्प राहिला. पण ते गप्प राहणं काकांना समजलं. समजणारच. आयुष्यभर खिडकीमागून माणसांचे चेहरे वाचलेला माणूस.

ते उठले. अंधारात कडेला धरून, इंजिनाच्या खोक्यावरून पाय टाकून, पुढे गेले. मिस्त्रीला फक्त फळीचा करकर आवाज आला. ते खाली बसले असावेत. फळीच्या शेजारी, तळाशी.

मग बोलणं. एकाच बाजूचं.

"...हं. मी आहे."

श्वास.

"...नाही गं. कुठे नाही जात."

श्वास. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा, खालून उपसून काढल्यासारखा.

"...नाही, ऐकू आलं नाही मला. सेल्फचा आवाज होता ना. मी... मी ऐकतच नव्हतो गं."

आता मधली जागा वाढायला लागली. श्वास. आणि मग शांतता. मिस्त्रीला वाटायचं, संपलं. आणि परत यायचा.

"मिस्त्री," काका अंधारातून म्हणाले. आवाज कंपाउंडरचा झाला होता, दवाखान्यातला. "लांबतोय. आता फार वेळ नाही."

मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले. उघडे ठेवले काय, मिटले काय, सारखंच होतं.

एक श्वास.

शांतता.

...

एक अगदी छोटा. जणू काही म्हणायचं होतं.

शांतता.

शांतता.

ती मोडलीच नाही.

मिस्त्रीनं वाट बघितली. पाणी बोटीच्या पोटाला हलकेच लागत होतं, तेवढंच. मग त्याला स्वतःच्या हाताशी ऊब जाणवली. त्याचा हात कॉइलच्या जवळ होता. कशासाठी कुणास ठाऊक, त्यानं बोट लावून बघितलं.

चटका बसला.

त्यानं परत लावलं. परत चटका.

"काका," तो म्हणाला.  "काका, कॉइल अजून गरम आहे."

पुढे फळी करकरली.

"अजून हात लावता येत नाही. आत्ता किल्ली फिरवली तरी सुरू व्हायचं नाही. अजून बराच वेळ नाही व्हायचं." तो थांबला. एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "त्या आत्ता गेल्या ना? मग थांबला असतात तरी... तरी नसतं झालं, काका. थांबूनसुद्धा नसतं झालं."

 मग काका रडायला लागले.

मिस्त्री मला म्हणाला, मी माणसं रडताना बघितलीत, पण असं नाही. ओझं उतरवल्यावर हमाल जसा वाकलेलाच राहतो, लगेच सरळ होता येत नाही त्याला, तसं ते रडणं होतं. अंधारात एक म्हातारा माणूस रिकाम्या फळीवर डोकं ठेवून म्हणत होता, "होतो ना मी. या वेळी होतो ना."

कॉइल गार व्हायला पुष्कळ वेळ लागला. मग मिस्त्रीनं काढलेली वायर परत बसवली आणि एका किल्लीत इंजिन सुरू झालं. त्यांनी बोट वळवली आणि घरी आले.

घरी आल्यावर काकांनी दिवा लावला, खुर्चीवर बसले. मिस्त्रीनं खिशातून नवी कॉइल काढून टेबलावर ठेवली. "आत्ता बदलून टाकतो," म्हणाला.

"नको."

"काका, हे इंजिन दर वेळी मधोमध बंद पडणार."

"पडू दे."

"एखाद्या रात्री वारा असेल. तुम्ही एकटे असाल..."

"मी एकटा नसेन," काका म्हणाले. "तेवढा वेळ तरी नसेन. तू पण ऐकलंस ना? मग? आठ महिने मी या घरात तिचा आवाज शोधतोय. कपाटं उघडून बघितली मी, वेड्यासारखी. ती इथे नाही. तिथे आहे. राहू दे ती कॉइल तशीच. तू कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं."

 मिस्त्री बाहेरच्या खोलीत खाटेवर आडवा झाला. झोप कुठली लागायला. आत काकांच्या येरझारा ऐकू येत होत्या. मध्येच थांबायच्या. मध्येच एखाद्या डब्याचं झाकण वाजायचं. नंतर चंद्र वर आला, खिडकीतून उजेड आत पडला, तरी येरझारा चालूच.

पहाटे, अजून उजाडायचं होतं, खांद्यावर हात पडला. मिस्त्री दचकून उठून बसला. काका होते. अंघोळ केलेली, धुतलेला सदरा घातलेला. हातात नवी कॉइल.

"ऊठ," म्हणाले. "बदल ही."

"तुम्हीच तर..."

"रात्रभर विचार केला मी." ते खाटेच्या कडेवर बसले. "ती येते म्हणजे कशी येते, सांग मला? हसत येते? इंजिनाला नावं ठेवत येते? धाप लागूनच येते ना. तो त्रास... मी बघितलाय रे तो त्रास, दवाखान्यात किती जणांचा बघितलाय. माणूस बुडतो, कोरड्या जागी बसून बुडतो." त्यांनी कॉइल मिस्त्रीच्या हातात ठेवली. "मला करमत नाही म्हणून तिनं दर वेळी यायचं, आणि दर वेळी पुन्हा मरायचं? माझ्या सोबतीसाठी? नाही. एवढा मी... नाही. बदल तू."

मिस्त्री उठला. बाहेर दव असं पडलं होतं की गवत पांढरं दिसत होतं. बोटीवरून पाणी निथळत होतं. कडा, फळ्या, खोक्याचं झाकण, सगळं भिजलेलं. त्यानं झाकण तेवढं पुसून घेतलं. काकांनी टॉर्चचा उजेड धरला. दोन नट, तीन वायरी, काम ते केवढं! जुनी कॉइल काढून त्यानं काकांच्या हातात दिली. काकांनी ती तळव्यावर ठेवून बघितली.

"एवढीशी?" म्हणाले. एवढंच.

"चालवून बघायला हवं," मिस्त्री म्हणाला. "तसंच मला धक्क्याला सोडा."

निघाले. पूर्वेला नुकतं फिकट व्हायला लागलेलं. धुकं नव्हतं, पण दव अजून पडतच होतं, सदरा ओलसर होत होता. मिस्त्री इंजिनाशी बसून कॉइलवर हात ठेवून होता. कोमट. मग थोडी गरम. त्यापुढे नाही.

टाकीवरचा लाल दिवा सरकत आला. धक्क्याच्या दिव्याच्या डोक्यावर आला.

काकांची मूठ सुकाणूवर घट्ट झाली, ती मिस्त्रीला दिसली. ते समोर बघत होते. पुढच्या फळीकडे नाही, तिच्या वरून, लांब.

इंजिन अडखळलं नाही.

चालत राहिलं. एकसारखं, शिवणयंत्रासारखं. ती जागा मागे पडली.

"जा," काका म्हणाले. इतक्या हळू, की मिस्त्रीला वाटलं आपल्यालाच काही सांगितलं.



आता माझं ऐका. मी दुकानाची फळी काढत होतो. उजाडलं होतं, सूर्य यायचा होता. बोट धक्क्याला लागताना बघितली आणि चाट पडलो, काकांची बोट, आठ महिन्यांनी! मिस्त्री दोरी टाकायला पुढे गेला. दोरी हातात घेतली आणि तसाच उभा राहिला. बांधेना. मग त्यानं मला हाक मारली. तुम्हाला सांगतो, आयुष्यात त्या माणसानं कुणाला हाक मारलेली मी ऐकली नव्हती. मी धावत गेलो.

त्यानं हातानं काही दाखवलं नाही. नुसतं बघत होता, म्हणून मीही बघितलं.

पुढची फळी दवानं भिजली होती. थेंब न् थेंब दिसत होता, काचेचे मणी पसरावेत तसे. आणि त्यांच्या मधोमध फळी कोरडी होती. खडखडीत कोरडी, लाकडाच्या रेषा दिसाव्यात इतकी. कुशीवर वळून, पाय जरासे पोटाशी घेऊन, शांत झोपलेल्या माणसाएवढी. डोक्याखाली हात घेतला होता, तो कोपरसुद्धा कळत होता.

काका मागे सुकाणूशी उभे होते. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते. आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. सांगावं का त्यांना? आमच्यातलं कुणीच बोललं नाही.

तेवढ्यात ऊन आलं. आधी धक्क्यावर, मग बोटीच्या कडेवर, मग फळीवर. आम्ही तिथेच उभे. भोवतालचे थेंब एकेक करून विरत गेले, आणि थोड्या वेळानं सगळी फळीच कोरडी झाली.